'हो सर' म्हणणारी टीम आणि कूलंट टँकमधले ६३ पीस

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, चाकणला ऑटो कंपोनंट बनवणाऱ्या कंपनीत सहा महिन्यांपूर्वी मशीन शॉपचा इन्चार्ज झालास, तीन शिफ्ट मिळून हाताखाली चाळीसेक माणसं. मीटिंगमध्ये सगळे 'हो सर'. गेल्या महिन्यात कस्टमरकडून एक लॉट परत आला आणि तेव्हा कळलं की दोन ऑपरेटरना हे चार दिवस आधीपासून माहीत होतं. ओपन डोअर ठेवलंय, कम्युनिकेशनचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, सजेशन बॉक्स लावला, तरी कोणी तोंड उघडत नाही. "माणसं अशी का वागतात आणि मी त्यांना कसं बदलू?"

वय लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतो, राग नसावा. मी आधी भोसरी आणि मग चाकण अशी २६ वर्षं याच लाईनीत काढली, ट्रेनी म्हणून लागलो आणि प्लँट हेड म्हणून बाहेर पडलो, आता दोन-तीन छोट्या कंपन्यांत जाऊन मदत करतो. हा तुझा प्रश्न जवळपास याच शब्दांत मीही एकदा विचारला होता, आमच्या एका सेटरला (मशीनचं सेटिंग लावून देणारा माणूस), आणि त्याने जे उत्तर दिलं ते पचायला मला वर्षभर लागलं. आधी तो किस्सा सांगतो, लांब आहे पण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

मी तेव्हा मशीन शॉप मॅनेजर होतो, तुझ्यापेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठा असेन. आमच्याकडे एक स्टीलचा बुश चालायचा, तळहातात मावेल एवढा, बोअर, म्हणजे आतलं भोक, २२ मिलिमीटर एच ७, म्हणजे २२ च्या खाली शून्य आणि वर २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढीच सूट. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजला की बोअर लहान येतो, मग ऑपरेटर ऑफसेट देतो, म्हणजे मशीनमध्ये टूलचं माप थोडं सरकवतो, आणि घाईत तोच ऑफसेट दोनदा पडला की बोअर मोठा होतो. लहान बोअर रिवर्क होतो, मोठ्याला काही इलाज नाही, सरळ स्क्रॅप. तर एक दिवस सकाळच्या मीटिंगमध्ये टेबलावर असे अकरा पीस आले आणि आदल्याच संध्याकाळी मला वरून झाप बसलेली होती. मी एक पीस उचलला आणि जमिनीवर आपटला. कोणाला लागला नाही, पण फरशीचा टवका उडाला आणि आवाज पूर्ण शॉपभर गेला. वर "उद्यापासून हा कचरा माझ्या टेबलावर दिसला तर बघा" असंही बोललो.

आणि गंमत म्हणजे, खरंच दिसला नाही! पुढच्या महिन्यापासून रिजेक्शन उतरायला लागलं, दोन टक्क्यांवरून ०.८ वर आलं, मी ग्राफ काढून वर दाखवला, कौतुक झालं, आणि माझी खात्री पटली की कडक राहिल्याशिवाय आपल्या लोकांकडून काम होत नाही. हे मी दोन ज्युनिअरना शिकवलंसुद्धा.

मग खंडेनवमी आली. तुला माहीतच आहे, पूजेच्या आधीचे एक-दोन दिवस सगळ्या मशीन आतून-बाहेरून धुतल्या जातात, वर्षभर कोणी हात न लावलेले कोपरे त्या दिवशी उघडतात. त्या बुशच्या मशीनखालून कूलंट टँक (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी) ओढून काढला, गाळ उपसायला घेतला, आणि फावड्याला ठण् ठण् आवाज यायला लागला. ६३ पीस निघाले. सगळे बोअर मोठे झालेले, काही गंजलेले, काही अगदी नवे. मी तिथेच उभा होतो. साफ करणारे दोघं माझ्याकडे न बघता पीस मोजत होते, आणि मला आठवतंय की एकाने तर ते नीट ओळीत लावले, म्हणजे मोजायला सोपे जातील म्हणून, आणि ती ओळ बघून मला घाम फुटला, कारण लपवलेले ६३ असतील तर लपवता न आल्याने पुढे ढकललेले किती असतील?

ते उत्तर तीन आठवड्यांनी आलं, कस्टमरच्या असेंब्ली लाईनवरून. चार माणसं रात्रीच्या रात्री सॉर्टिंगला पाठवली. ८डी (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहून कस्टमरला द्यायचा रिपोर्ट) लिहिला. रूट कॉज: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, सही घेतली. (पुणे-चाकण पट्ट्यातले सगळे ८डी एकावर एक रचले तर निम्म्यांत हेच वाक्य निघेल, पैज लावतो.)

आमचे एक सिनिअर सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, मामा, ही माणसं अशी का वागतात? मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "साहेब, पीस टेबलावर आला की तुम्ही पीसकडे बघतच नाही. आणणाऱ्याकडे बघता."

आता तुझ्याकडे येतो. तुझ्या त्या दोन ऑपरेटरना चार दिवस माहीत होतं आणि बोलले नाहीत. तू लिहिलंयस की तू कधी कोणावर ओरडत नाहीस. मान्य. पण ओरडावंच लागतं असं कुठेय? वाईट बातमी कानावर पडल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत तुझा चेहरा काय करतो, पहिला शब्द कोणता निघतो, तेवढ्यावर माणूस ठरवतो की पुढच्या वेळी सांगायचं की नाही. "कोणी केलं?", "आत्ता सांगतोयस?", "तुला कळत नाही का?", किंवा नुसता उसासा टाकून मोबाईल काढणं, हे सगळं फरशीवर पीस आपटल्यासारखंच आहे, फक्त टवका दिसत नाही. शिवाय तू नवीन आहेस, तुझ्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं आणि त्याने काय काय आपटलं हे त्यांच्या लक्षात आहे, ते बिल तुझ्या नावावर आलंय. अन्याय आहे, पण आहे.

ओपन डोअरचं सांगतो. तुझं केबिन शॉपच्या टोकाला, काचेचं, एसीवालं असणार. ऑपरेटरला तिथे यायचं म्हणजे आधी मशीन थांबवायची, सुपरवायझरला विचारायचं, सगळ्या लाईनच्या देखत चालत जायचं, आणि परत येईपर्यंत चार जणांनी "काय रे, काय चुगली करून आलास" विचारायचं. कोण येईल? मी तरी गेलो नसतो. सजेशन बॉक्समध्ये कॅन्टीनच्या भाजीबद्दल चिठ्ठ्या येतात, तेवढ्याच. तूच मशीनजवळ जा. रोज ठरलेल्या वेळी राऊंड मारलास तर तोही कार्यक्रम होतो, सगळं झाडूनपुसून तयार असतं, म्हणून वेळ बदलत राहा, आणि पंधरा दिवसांतून एकदा तिसऱ्या शिफ्टला जा, रात्री दोन-अडीचला, धाड घालायला नाही, उभं राहून बघायला. पहिल्या दोन-तीन खेपांना कोणी काही बोलणार नाही, त्यांना वाटेल साहेब झोपलेले पकडायला आले. चौथ्या-पाचव्या वेळी कोणीतरी म्हणेल, "सर, हे चक कधीपासून घसरतंय, बघा ना." तिथून सुरुवात. आणि त्या चकचं काम आठवड्यात झालं पाहिजे, ते झालं नाही तर परत जाऊ नकोस, जाण्याला अर्थ उरत नाही.

आता 'हो सर'. आपल्याकडे 'नाही' म्हणायला वेगळीच डिक्शनरी आहे. "बघतो सर" म्हणजे होणार नाही. "ट्राय करतो" म्हणजे होणार नाही आणि तुम्हालाही ते माहीत आहे. "झालंच आहे सर, थोडंसं बाकी आहे" म्हणजे निम्मं झालंय. "होऊन जाईल" म्हणजे देव करेल. आपण सगळे ही भाषा बोलत बोलतच वर आलोय आणि खुर्चीत बसल्यावर तीच ऐकून चिडतो.

ख्रिस आर्गिरिस नावाचे हार्वर्डचे एक प्राध्यापक होऊन गेले, ऑर्गनायझेशनमधली माणसं एकमेकांशी खरं का बोलत नाहीत यावरच त्यांचं बरंचसं काम आहे. त्यांचा आणि डोनाल्ड शॉन यांचा एक साधा व्यायाम आहे. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, उजवीकडे प्रत्यक्षात झालेलं संभाषण लिहायचं आणि डावीकडे त्या वेळी मनात काय चाललं होतं ते. मी एका ट्रेनिंगमध्ये नाक मुरडतच लिहिलं होतं. माझा क्वालिटीच्या एका मुलाशी झालेला संवाद होता. उजवीकडे असं: मी, "डिस्पॅच आज जाईल ना?" तो, "ट्राय करतो सर." मी, "ट्राय नको, कन्फर्म सांग." तो, "हो सर, जाईल." बस, चार वाक्यं. डावीकडे मी प्रामाणिकपणे लिहिलं ते असं: 'आज जाणार नाही हे मला सकाळीच कळलंय. पण हा नाही म्हणाला तर मला आत्ता वर फोन करावा लागेल. हा हो म्हणाला तर उद्या सांगता येईल की याने कन्फर्म केलं होतं.' लिहून झाल्यावर कागद दुमडून खिशात घातला, शेजारच्याला दाखवला नाही. त्या मुलाच्या तोंडून खोटं मी वदवून घेतलं होतं, आणि वर मीच सगळीकडे सांगत फिरायचो की क्वालिटीवाले वेळेवर खरं सांगत नाहीत. तू हा कागद एकदा लिही, त्या परत आलेल्या लॉटच्या आठवड्यातलं कुठलंही एक बोलणं घे. कोणाला दाखवू नकोस.

मग विचारायचं कसं, तर ज्याला 'हो' हे उत्तरच देता येणार नाही असं. "ट्रक आज जाईल ना?" ऐवजी "समज उद्या सकाळी ट्रक इथेच उभा आहे, तर कशामुळे उभा असेल?" असं विचार. मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा डिस्पॅचचा माणूस जरा गोंधळला आणि मग एका दमात तीन कारणं सांगून मोकळा झाला, पॅकिंगच्या ट्रे कमी आहेत, पीडीआयचा (डिस्पॅचआधीच्या तपासणीचा) माणूस सुट्टीवर आहे आणि एक पॅरामीटर सीएमएमला (माप घेणाऱ्या मशीनवर) अडकलाय. आदल्या दिवशी हाच माणूस "हो सर" म्हणाला होता. अडचण सांगणं हेच इथे काम झालं, त्यामुळे सांगणारा वाईट ठरत नाही.

माझ्यातला बदल कसा झाला तेही सांगतो, कारण लोक फक्त निकाल सांगतात. मामांच्या त्या वाक्यानंतर मी ठरवलं की आजपासून चिडायचं नाही. नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त चिडलो, कारण नऊ दिवसांचं साठलेलं होतं. मग मोठा संकल्प सोडून दिला आणि एकच गोष्ट धरली, पहिलं वाक्य. काहीही वाईट कळलं तरी पहिलं वाक्य ठरलेलं: "किती पीस, आणि कुठपर्यंत गेलेत?" बस. पाठच केलं होतं. हे वाक्य बोलताना माझं डोकं आपोआप पीसकडे वळायचं, मशीनजवळ किती, स्टोअरमध्ये किती, गाडीत किती, आणि तेवढ्यात तो पहिला भडका ओसरायचा. 'कोणी केलं' हे नंतर कळायचंच, बहुतेकदा तो स्वतःच सांगायचा.

दुसरं, मी टीमला सांगून टाकलं की हे मला जमत नाही आणि मी प्रयत्न करतोय. हे अवघड गेलं. पण ज्या मीटिंगमध्ये पीस आपटला होता तिथेच, त्याच लोकांसमोर सांगितलं, कारण अपमान चारचौघांत आणि माफी केबिनमध्ये हा हिशेब जुळत नाही. आणि "कोणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असलं गुळगुळीत बोललो नाही, म्हटलं, त्या दिवशी मी पीस आपटला, ते चुकलं, त्यामुळे तुम्ही पीस लपवायला लागलात आणि ते ६३ पीस माझ्या खात्यात आहेत. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक जण घसा खाकरला. मीटिंग पुढे सुरू झाली. दोन महिने तरी कोणाचा विश्वास बसला नव्हता, आणि बसू नयेच.

तिसरं, मामांना सांगून ठेवलं की माझा आवाज चढला की मला खूण करा. मामांनी खूण शोधली, "साहेब, चहा घ्यायचा का?" पुढे पुढे सगळ्या शॉपला ही खूण कळली, कुठल्याही कोपऱ्यातून "साहेब, चहा?" ऐकू आलं की मी गप्प. एकदा कस्टमरचा ऑडिटर समोर असताना मामांनी विचारलं आणि तो बिचारा म्हणाला, हो हो, घेऊ ना, बिनसाखरेचा! सांगायचा मुद्दा, आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, त्यासाठी दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस तुझ्या पगारवाढीवर अवलंबून नसलेलं, रिटायरमेंटला आलेलं असेल तर उत्तम.

आता एक धोक्याची सूचना, आणि ही कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. माणसं खरं बोलायला लागली की आकडे बिघडतात. माझं ०.८ चं रिजेक्शन चार महिन्यांत २.३ वर गेलं. लपलेलं वर आलं, एवढंच, पण वरच्यांना फक्त ग्राफ दिसतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता, अंदाज असा की चांगल्या टीमच्या चुका कमी असतील, आणि निघालं उलटंच, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त, कारण तिथल्या नर्स चूक उघड बोलत होत्या. सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे न घाबरता खरं बोलता येणं, हा आता प्रत्येक एचआरच्या पीपीटीत असणारा शब्द त्यांच्याच कामामुळे एवढा पसरला. तर तू काहीही सुरू करायच्या आधी तुझ्या प्लँट हेडकडे जा आणि सांग की पुढचे तीन-चार महिने आतलं रिजेक्शन वाढलेलं दिसेल, कस्टमरकडचं पीपीएम (दहा लाखांत किती पीस खराब) उतरायला हवं, मला त्या आकड्यावर मोजा. हे आधी सांगितलं तर प्लॅन, नंतर सांगितलं तर बहाणा. ते तयार झाले नाहीत तर हळू जा, एका मशीनवर, एका पार्टवर कर. सगळं शॉप घेऊन उडी मारू नकोस, तुझी खुर्ची गेली तर खरं सांगणाऱ्यांचेच हाल होतील.

वरून येणाऱ्या वागण्याचं एक उदाहरण आपल्या इंडस्ट्रीतलंच. फोर्डमध्ये २००६ साली अॅलन मुलाली बोईंगमधून सीईओ म्हणून आले. कंपनीला त्या वर्षी १२०० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला, आणि दर गुरुवारच्या रिव्ह्यूमध्ये मोठे मोठे साहेब येऊन चार्ट लावायचे, सगळे हिरवे. म्हणजे बघ, तिथेही 'हो सर'च. शेवटी मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने एज गाडीच्या लाँचवर, जी कॅनडातल्या ओकव्हिलला बनत होती, लाल रंग लावला. बाकीच्यांना वाटलं हा गेला. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला कोण मदत करू शकतं? पुढे हळूहळू बाकीच्यांचेही चार्ट रंगीत झाले, आणि तेच फील्ड्स २०१४ मध्ये फोर्डचे सीईओ झाले. आता कृपा करून चाकणला टाळ्या वाजवू नकोस, लोकांना वाटेल टोमणा मारतोय. मदतीचा प्रश्न मात्र जसाच्या तसा उचल.

'आपली माणसंच तशी' असं तुझ्या प्रश्नात दोनदा आलंय म्हणून अजून एक. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा प्लँट होता, गैरहजेरी, भांडणं, क्वालिटीच्या नावाने बोंब, १९८२ ला बंद केला. १९८४ ला तोच प्लँट टोयोटाबरोबर भागीदारीत न्यूमी नावाने सुरू झाला, बहुतेक कामगार जुनेच, युनियनसुद्धा तीच. फरक असा की आधी काही झालं तरी लाईन थांबवायची नाही असा खाक्या होता, आणि आता प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली, अडचण आली की ओढ, टीम लीडर धावत येईल, सुटलं तर ठीक नाहीतर लाईन थांबेल. काही वर्षांतच त्या प्लँटची क्वालिटी जपानी प्लँटच्या बरोबरीने मोजली जायला लागली. दोरी आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी आहे, अँडन म्हणतात, दिवे पण लावलेत. ओढल्यावर कोण येतं आणि आल्यावर काय बोलतं, तिथे घोडं अडतं.

कंत्राटी मुलांचं वेगळं आहे, तुझ्या चाळीसातली निम्मी तीच असणार. परमनंट माणसाला साहेबाच्या रागाची भीती असते, कंत्राटी मुलाला उद्या गेट बंद होण्याची. तो बिहार-ओडिशातून आलाय, खोलीचं भाडं चार जणांत आहे, त्याला तुझ्या ओपन कम्युनिकेशनशी काय करायचंय? त्याच्याशी हिंदीतच बोल, आणि एकच शब्द दे, की पीस बिघडल्याचं सांगितलं म्हणून कोणाचं गेट बंद होणार नाही. पण हा शब्द द्यायच्या आधी एचआर आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांकडून वदवून घे. माझ्याकडे एका मुलाने स्वतःहून मशीन थांबवून सांगितलं, तीन तास प्रॉडक्शन गेलं, मी शाबासकी दिली, आणि सोमवारी तो आलाच नाही, कॉन्ट्रॅक्टरने परस्पर बदलला होता. माझ्या त्या शाबासकीची शॉपवर काय किंमत राहिली असेल? परत आणायला चार दिवस गेले. आणला, पण चार दिवस सगळ्यांनी बघितलं.

याचा अर्थ सगळं माफ असा घेऊ नकोस. मी एक रेघ आखली होती आणि आधीच सांगितली होती: बिघडलेला पीस सांगितला तर शिक्षा नाही, न मोजता रिपोर्ट भरला तर आहे. एकदा इन्स्पेक्शन शीटवर ओळीने २२.०१०, २२.०१०, २२.०१० असं अख्ख्या शिफ्टचं रीडिंग सापडलं. देवाने बनवलेली मशीन असली तरी असं येत नाही. त्याच्यावर कारवाई केली. पण नंतर मी घड्याळ लावून स्वतः ती मशीन दोन तास चालवली आणि कळलं की दर पाचव्या पीसला बोअर गेजने मोजायचं असा नियम आमचाच, आणि ठरलेल्या सायकल टाईममध्ये तेवढा वेळच बसत नाही, तेही आमचंच काम. म्हणजे रोज खोटं लिहिल्याशिवाय त्याचा आकडाच पूर्ण होत नव्हता. कारवाई मागे घेतली नाही, त्याला रेघ माहीत होती. फ्रिक्वेन्सी बदलली. हे बरोबर केलं का, अजून मला पूर्ण पटलेलं नाही.

आणि प्रामाणिकपणा खालून वर येतो तसा वरून खालीही जायला हवा, इथे माझी दुसरी मोठी चूक. माझा एक सुपरवायझर, कामाला वाघ, माणसं सांभाळता यायची नाहीत. तीन वर्षं अप्रेझलमध्ये मी त्याला 'उत्तम' लिहिलं, तोंडावर वाईट कशाला बोला, चांगला माणूस आहे. चौथ्या वर्षी प्रमोशनला दुसऱ्याचं नाव दिलं. तो केबिनमध्ये आला, चिडला नाही, एवढंच म्हणाला, "सर, तीन वर्षांत एकदा सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं." पीस आपटला त्यापेक्षा हे मला जास्त लागलं, खरं सांगतो. आपल्याकडे दोनच गिअर असतात, एक तर गोड गोड, नाहीतर "मी बाबा स्पष्टवक्ता आहे" म्हणत सोलून काढणं (पुण्यात दुसऱ्याचा अभिमानही असतो). मधला गिअर शिकावा लागतो: काय बघितलं, कधी, त्याने काय झालं, एवढंच, आणि त्याच आठवड्यात. "तुला माणसं सांभाळता येत नाहीत" यातून तो काय घेणार? "मंगळवारी तू त्या ट्रेनीला सगळ्यांसमोर झापलंस, त्यानंतर त्याने शिफ्टभर तुला एकही प्रश्न विचारला नाही, दोन सेटिंग चुकली" यावर काहीतरी करता येतं.

किती दिवस लागतील विचारलंयस. माझ्याकडे पीस पुन्हा टेबलावर यायला दोन महिने लागले, आणि न विचारता कोणी मशीन थांबवायला आठेक महिने. पुढच्या खंडेनवमीला टँक उपसायला मी मुद्दाम उभा राहिलो. चार पीस निघाले. मामा म्हणाले, जुने असतील. मी बोअर बघितला, नवेच होते.

आता त्या दोघांचं. लॉटबद्दल माहीत असून न बोललेल्या त्या दोघांशी तू अजून बोलला नाहीयेस असं दिसतंय, किंवा "का सांगितलं नाही" एवढं विचारून झालंय. 'का'ला उत्तर मिळत नाही, 'का' म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. एकेकट्याला भेट, केबिनमध्ये नको, मशीनजवळ किंवा टपरीवर, आणि विचार की समज तू सांगायचं ठरवलं असतंस, तर कोणाला सांगितलं असतंस, आणि मग पुढे काय झालं असतं? मध्ये बोलू नकोस, तुझं किंवा तुझ्या आधीच्या साहेबांचं नाव आलं तरी. फक्त शिफ्ट सुटताना बोलावू नकोस, बस लागलेली असते, तिच्याकडे लक्ष असलेला माणूस 'हो सर' म्हणतो आणि निघतो.